लंब्याची पाळी

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दिवा मध्ये ठेवून बसलोय म्हणून तुम्ही रातकिडे आणि कोल्हेकुई ऐकायच्या तयारीने बसला असाल, तर तसलं काही मिळायचं नाही. गोष्ट भरदुपारची आहे. पण ट्रकच्या केबिनमध्ये सीटच्या मागे झोपायची फळी असते ना, तिचा जाड पडदा एकदा ओढला की बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत डोळ्यांत बोट घातलं तर दिसायचं नाही. गोष्ट त्या फळीची आहे.

काम तर अगदी साधं होतं. शाळेच्या खुर्च्या पोचवायच्या होत्या. लहान पोरांच्या, गुडघ्याएवढ्या, एकात एक अडकवून रचलेल्या चारशे ऐंशी खुर्च्या. वरून ताडपत्री, दोरखंड, सगळं चोख. अडीच दिवसांचा रस्ता. गाडीवर ड्रायव्हर दोन. एक उस्ताद, डोक्यावरचे केस पिकलेले, बोलणं तोलूनमापून. आणि दुसरा नवा.

नवा हे त्याचं नावच पडलं होतं. या गाडीवर येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. तरी वजनकाट्यावरचा माणूस खिडकीतून मान काढून विचारायचा, "काय उस्ताद, नवा काय म्हणतोय?" पंक्चरवाला ओरडायचा, "ए नव्या, पाना आण!" पस्तिशीचा बाप्या, घरी आई, बायको, सहा वर्षांची मुलगी, आणि हा अजून नवाच. ऐकलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण नवा म्हटला की जुना आलाच. आणि जुना म्हणजे लंब्या.

लंब्याला याने उभ्या जन्मात कधी पाहिलं नव्हतं. उस्तादाचा तो बारा वर्षांचा जोडीदार. साडेसहा फुटांचा ताडमाड माणूस. फळीवर मावायचा नाही, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा, त्यामुळे गुडघे कायम धरलेले, आणि केबिनभर सांधेदुखीच्या मलमाचा वास. नवा गाडीवर यायच्या आधी सहा महिने तो गेला. माणूस गेला, मलमाचा वासही गेला, पण लंब्या काही गाडीतून उतरायला तयार नाही! चढण लागली की उस्ताद म्हणणार, "इथं लंब्या एक गिअर आधीच टाकायचा." पाऊस लागला की, "लंब्या असता तर वायपरशिवाय काढली असती." नव्याने जीव ओतून अवघड वळण काढावं, घाम पुसत शेजारी बघावं, तर उस्ताद खिडकीबाहेर बघत पुटपुटणार, "लंब्याला हे वळण फार आवडायचं."

असं झालं की नव्याच्या पोटात आगडोंब उसळायचा. उस्ताद वाईट होता असं नाही. ताप आला तर स्वतः दोन पाळ्या ओढायचा, याच्या मुलीला खाऊ पाठवायचा. पण 'माझा जोडीदार' हा शब्द त्याच्या तोंडून नव्याने स्वतःसाठी एकदाही ऐकला नव्हता. आणि त्याला तेवढंच हवं होतं. हसू नका. चोवीस तास एका खोलीएवढ्या जागेत ज्याच्याबरोबर काढायचे, झोपलं की आपला जीव ज्याच्या हातात, त्या माणसाने आपल्याला आपलं म्हणावं एवढी इच्छा कोणालाही होईल.

फोनवर त्याने बायकोजवळ रडगाणं गायलं, तेव्हा ती खो-खो हसली. "अहो, मेलेल्या माणसावर कसले जळताय? जळायचंच तर जिवंतावर जळा. तो निदान भांडायला तरी येईल."

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला.

"बरं बाई, नाही कळत. घ्या, तुमची लेक हात ओढतीये कधीची."

लेकीचा आणि त्याचा एक खेळ होता. रोज फोनवर त्याने रस्त्यात दिसलेल्या तीन गोष्टी सांगायच्या. एक मोठं, एक छोटं, एक खोटं. खोटं कुठलं ते तिने ओळखायचं. ओळखलं की त्याने "शाबास माझी वाघीण" म्हणायचं. दुनियेत दुसऱ्या कोणाला हा खेळ ठाऊक नव्हता, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ तरी तो कोणावर जळायचा नाही.

आता पाळीचा नियम सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. सहा तास एकाने चालवायची, सहा तास दुसऱ्याने. वेळ झाली की चालवणाऱ्याने झोपलेल्याला उठवायचं, आणि झोपलेल्याने मोठ्याने म्हणायचं, "उठलो." नुसतं हं करून चालत नाही. 'उठलो' म्हटलं की पाळी त्याची झाली. मग चालवणारा गाडी कडेला घेतो, उतरून पाय मोकळे करतो, दुसरा चाकावर, म्हणजे स्टेअरिंगवर, बसतो. उस्ताद फळीवर मात्र कधी झोपायचा नाही. शेजारच्या सीटवर मान मागे टाकून, तोंडावर पंचा ओढून पडायचा. फळी नव्याची. आणि नव्याला उठवायचं म्हणजे उस्ताद मागे न बघता हाक मारायचा, "चल रे, ऊठ."

खुर्च्या घेऊन निघाले त्या पहिल्या सकाळी दोघं रस्त्याकडेच्या एका खानावळीत थांबले. उस्ताद टायर बघायला गेला आणि खानावळीची बाई चहा ठेवता ठेवता नव्याला म्हणाली, "तुला पण फळीवर ठोकूनच उठवतात का रे?"

"कसलं ठोकून?"

"अगंबाई, माहीत नाही? लंब्याला हाक कधी मारलीच नाही उस्तादांनी. हात मागे न्यायचे आणि फळीवर बोटांच्या पेरांनी वाजवायचे." तिने टेबलावर वाजवून दाखवलं. ठक-ठक… ठक. "आणि तो आतनं म्हणायचा, 'उठलोऽ उस्ताद, उठलो.' दोनदा. इथं अंगणात गाडी उभी असली की आम्हाला ऐकू यायचं. हसायचो आम्ही. नवराबायकोत नसतं एवढं होतं दोघांचं."

नव्याने चहा तसाच ठेवला. गाडीत बसल्यावर त्याच्याने राहवेना. "उस्ताद, मला फळीवर ठोकून का नाही उठवत?"

उस्तादाचे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले.

"हाक मारतो ना," तो म्हणाला. "हाक पुरत नाही का?"

"तसं नाही, पण…"

"मग झालं तर. झोप जा. दोनला तुझी पाळी."

नवा फळीवर चढला आणि पडदा ओढून घेतला. झोप कसली येतेय! अंधारात डोळे उघडे ठेवून तो पडून राहिला. मेलेल्या माणसाला ठोकणं आणि जिवंताला हाक. बाजारातून उचलून आणलेल्या हमालासारखी, चल रे, ऊठ. खालून इंजिनाची घरघर फळीतून पाठीत येत होती, मागे खुर्च्या एकमेकींवर किणकिणत होत्या. मेला तरी मानाचं पान त्याचंच, असं मनात घोळवत त्याचा डोळा लागला.

आणि मग ऐकू आलं. डोक्याशी, फळीच्या कडेवर. ठक-ठक… ठक.

त्याने डोळे उघडले. अंधारच. इंजिन चालू, गाडी पळतेय. पुन्हा, अगदी हळू, जपून. ठक-ठक… ठक.

काय आनंद झाला त्याला, काय सांगू! विचारलं ते उस्तादाच्या मनाला लागलं म्हणायचं. आणि त्या आनंदात त्याने एक आगाऊपणा केला. साधं 'उठलो' म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण याला लंब्याचं सगळंच हवं होतं. त्याने गळा ताणून, सूर लावून म्हटलं, "उठलोऽ उस्ताद, उठलो."

गाडीचा वेग कमी झाला. कडेची खडी चाकाखाली करकरली. एक दार उघडलं. नव्याने मनाशी म्हटलं, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं पडतो. गादीतून कसलासा उग्र, ओळखीचा वाटावा असा वास येत होता. आजीच्या खोलीत येतो तसा. ओव्याच्या अर्काचा, कापराचा… मलमाचा, असं त्याच्या झोपाळलेल्या डोक्यात आलं, आणि तो पुन्हा गाढ झोपला.

जागा झाला तो गाडी थांबल्यावर. पडदा सारला तर बाहेर दिवस मावळलेला. चाकावर कोणी नाही, शेजारच्या सीटवर नुसता पंचा. घड्याळात आठला थोडा वेळ होता. मेलो, पाळी झोपून काढली. उस्तादाने एकट्याने बारा तास ओढली. आता तोंड कसं दाखवायचं?

तो खाली उतरला तर उस्ताद आळस देत उभा. नव्याला बघून त्याच्या तोंडभर हसू पसरलं. दीड वर्षात न दिसलेलं हसू.

"अरे, काय चालवलीस रे आज!" त्याने नव्याच्या पाठीवर थाप मारली. "सहा तास मेल्यासारखा झोपलो मी. गिअर पडल्याचं कळलं नाही. ती चढण आली केव्हा नि गेली केव्हा. लंब्यानंतर अशी झोप लागली नव्हती मला."

नव्याच्या जिभेवर आलं होतं. उस्ताद, मी नव्हतो, मी झोपलो होतो. खरंच अगदी टोकावर आलं होतं. पण पाठीवरचा तो हात अजून तिथेच होता, ऊबदार आणि जड.

"हं," नवा म्हणाला. "आज जमलं खरं."

"आणि आपणहून उठलास. मी हाक मारायच्या आधीच. पोरगं शहाणं झालं म्हटलं."

नव्याच्या मनात पाल चुकचुकली. "तुम्ही… ठोकलं नव्हतंत?"

उस्तादाचं हसू मावळलं. "मी? नाही बाबा," तो म्हणाला आणि पंच्याने तोंड पुसू लागला.

डिझेलचा काटा बघण्याच्या निमित्ताने नवा चाकाकडच्या दाराने वर चढला. सीटवर बसला आणि पाय लांब केला, तर क्लचला पाय पोचेना. सीट पार मागे सरकवलेली होती. त्याने आरशात बघितलं. रस्ता नाही, चाक नाही, मागची गाडी नाही. आरशात नुसतं आभाळ होतं. बसलेल्या माणसाचं डोकं छताला लागत असेल, तरच त्या आरशात रस्ता दिसला असता. त्याने आरसा खाली केला, सीट पुढे ओढली. भीती वाटली का? वाटली, चांगलीच वाटली. पण खोटं कशाला सांगू, भीतीच्याही आधी त्याच्या मनात आलं ते हे, की मेल्यावरही हा माझ्यापेक्षा चांगली चालवतो!

त्या संध्याकाळी जेवताना उस्ताद मोकळा झाला. ताट बाजूला सारून तो खालच्या आवाजात बोलू लागला.

"सकाळी विचारलंस ना, ठोकत का नाही म्हणून. सांगतो. आता तुला सांगायला हरकत नाही." तो थांबला. "लंब्या फळीवरच गेला. दुपारची वेळ होती. दोन वाजले. मी ठोकलं… आतनं उत्तर आलं. 'उठलोऽ उस्ताद, उठलो.' नेहमीसारखं, दोनदा. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, पाय मोकळे केले. हा काही खाली येईना. पडदा सारला, तर…"

"गेले होते?"

"गार पडला होता." उस्ताद पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. "डॉक्टर म्हणाले, तीन तास झाले असतील. मी म्हटलं, अहो, पाच मिनिटांपूर्वी बोलला माझ्याशी. ते म्हणाले, तुम्हाला भास झाला. मीही मान हलवली. काय बोलणार? पण मी ऐकलंय रे. मी ठोकलं, तो 'उठलो' म्हणाला. पाळी त्याची झाली, आणि ती त्याने घेतली नाही. ती राहिलीये. म्हणून मी फळीवर हात लावत नाही. ठोकलं तर उत्तर कोणाचं येईल…"

हीच वेळ होती सगळं सांगून टाकायची. सांगितलं असतं तर उस्तादाने फळी उखडून रस्त्यावर टाकली असती, असं मला अजूनही वाटतं. पण मग आजची शाबासकीही गेली असती, आणि हा पुन्हा नवाच राहिला असता, मेलेल्याहून कच्चा.

"आजपासून तुला नवा नाही म्हणायचं," उस्ताद उठता उठता म्हणाला. "माझा जोडीदार तू."

तो शब्द मिळाला एकदाचा. मिळाला, आणि नव्याला कळून चुकलं की तो लंब्याला मिळालाय.

रात्रभर नवा फळीवर चढला नाही, डोळ्याला डोळा न लावता आपली पाळी त्याने स्वतःच चालवली. दुसरा दिवस उजाडला. रस्ता मिठाच्या सपाट जमिनीतून जात होता, दोन्ही बाजूंना पांढरे ढीग, झाड औषधाला नाही. नव्याला फळीवर जायचंच नव्हतं. "मी असाच बसतो शेजारी," तो म्हणाला. उस्तादाने ऐकलं नाही. "डोळे बघ तुझे, तांबडेलाल झालेत. दोनला तुझी पाळी, झोप गुमान." नव्याने फोन चार्जिंगला पुढे लावून ठेवला आणि फळीवर चढला. पडदा चार बोटं उघडा ठेवला, म्हणजे उजेडाची एक फट राहील. ठरवलं, झोपायचं नाही. ठोकलं तर उत्तर द्यायचं नाही. सरळ पडदा फाडून बाहेर जायचं आणि स्वतःची पाळी स्वतः चालवायची. बघू या, कोण अडवतो ते.

तो जागा होता. अगदी टक्क जागा. इंजिन घरघरत होतं, खुर्च्या किणकिणत होत्या. मग उजेडाची ती फट हळूहळू बारीक होत गेली आणि मिटली. वाऱ्याने पडदा हलला असेल, म्हणून त्याने हात लांब केला. हात पडद्याला लागेना. फळी जेमतेम दीड हात रुंद, पण त्याचा हात जातच राहिला, जातच राहिला… आणि मलमाचा वास आला. भपकन, कोणीतरी आत्ताच डबी उघडल्यासारखा.

ठक-ठक… ठक.

नव्याने दातांवर दात आवळले. उत्तर दिलं नाही.

उत्तर आलं. पडद्याच्या पलीकडून. "उठलोऽ उस्ताद, उठलो." आणि आवाज लंब्याचा नव्हता. तो आवाज नव्याचा होता.

गाडी थांबली, दारं वाजली, गाडी निघाली. इतकी अलगद निघाली की खुर्च्यांचं किणकिणणंसुद्धा बंद पडलं. नव्याने ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. निघणार कसा, तो तर पुढे बसला होता, चाकावर, आणि उस्तादाशी गप्पा मारत होता. उस्ताद झोपला नव्हता. खळखळून हसत होता. आपल्या पोरवयाच्या गोष्टी सांगत होता, पळून जाऊन पहिल्यांदा गाडीवर बसला तेव्हाच्या, नव्याला त्याने कधीच सांगितल्या नव्हत्या त्या. नव्याच्या आवाजातला तो माणूस नेमक्या जागी हं म्हणत होता, नेमक्या जागी हसत होता. अंधारात पडल्यापडल्या नव्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. भीतीने नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्या तोंडाने माझ्या माणसाला हसवतोय मेला!

त्याने मूठ वळली आणि फळीवर वाजवलं. जीव खाऊन. ठक-ठक… ठक.

पुढचं हसणं थांबलं. "काय रे वाजतंय?" उस्तादाचा आवाज आला.

"काही नाही उस्ताद," त्याचाच आवाज म्हणाला. "फळी सैल झालीये."

मग फोनची बटणं वाजल्यासारखी वाटली. मग कोणीतरी हळू आवाजात, लाडाने, बराच वेळ बोलत राहिलं. शब्द काही ऐकू आले नाहीत.

गाडी थांबली आणि पडदा नुसत्या बोटाने सरकला. बाहेर संध्याकाळ झाली होती. चाकावरची सीट रिकामी, पार मागे सरकवलेली, आणि हात लावला तर अजून गरम. नवा धडपडत खाली उतरला. गाडी एका पेट्रोल पंपाच्या कडेला उभी होती. उस्ताद नळाखाली तोंड धूत होता.

"दमलास जोडीदार?" तो म्हणाला. "चहा पिऊन घे आणि आडवा हो. आता माझी पाळी. आणि ऐक… आज तू एवढं समजावलंस तेव्हा माझ्या मनातली भीती गेली बघ. आजपासून तुला फळीवर ठोकूनच उठवीन."

"उस्ताद…" नवा दोन पावलं पुढे झाला. "उस्ताद, मी काही समजावलं नाही. मी…"

पण उस्ताद पंचा खांद्यावर टाकून गाडीकडे चालता झाला होता. नव्याने केबिनमधून उपटून आणलेल्या फोनवर दुपारी लावलेला कॉल बघितला. तीन वाजून दहा मिनिटं. घर. एकोणीस मिनिटं. मागच्या चाकाजवळ उभा राहून त्याने घरी फोन लावला.

"अगंबाई, पुन्हा?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात एक लाडिक हसू होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर त्याने ते ऐकलं नव्हतं. "आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा? दुपारी किती छान बोललात हो. कधी नाही ते आईंच्या गुडघ्यांची चौकशी केलीत, मलम सांगितलंत कुठलं ते. आई किती खूश झाल्या. असं रोज का नाही बोलत?"

नव्याने शेजारच्या चाकाला धरलं.

"तिला दे," तो कसाबसा म्हणाला. "पिल्लूला दे फोन."

"बाबाऽ!" लेक ओरडली. "आज मी लगेच ओळखलं ना?"

"काय… काय ओळखलंस?"

"विसरलात पण? तुम्हीच तर सांगितलंत. मोठं म्हणजे मिठाचा डोंगर. छोटं म्हणजे पोरांच्या खुर्च्या. आणि तिसरं, आपल्या गाडीत पडद्यामागे एक माणूस झोपलाय." ती खुदखुदली. "मी म्हटलं, तिसरं खोटं. तुम्ही म्हणालात, शाबास माझी वाघीण. पडद्यामागे कोणीच नाही."

नव्याने वर बघितलं. तो उभा होता तिथून गाडीच्या बाजूचा लांबट आरसा दिसत होता, आणि आरशात चाकावरच्या उस्तादाचा पांढऱ्या केसांचा माथा. उस्तादाला वाटत होतं, जोडीदार फळीवर जाऊन झोपला. तो हसत होता. नवी सवय करून बघावी तसा त्याने हात मागे नेला.

ठक-ठक… ठक.

दीड वर्ष ज्याच्यासाठी जीव टाकला ते ठोकणं, खरं, उस्तादाच्या हाताचं. नवा खाली रस्त्यावर उभा होता, आणि उत्तर वरून, पडद्याआडून आलं. त्याच्या आवाजात, दोनदा.

"अरे, गंमत केली रे. झोप," उस्ताद म्हणाला. मग आतून काहीतरी बोलणं झालं आणि तो हसला. "बरं बाबा. एवढी हौस आहे तर तूच घे." आरशातला पांढरा माथा शेजारच्या सीटकडे सरकला. दार कुठलंच उघडलं नाही. इंजिन सुरू झालं.

"बाबा, आता माझी पाळी," फोनमध्ये लेक म्हणत होती. "मी सांगते तीन. बाबा? ऐकताय ना?"

खिडकीतून एक हात बाहेर आला. बाही नव्याच्याच चौकड्याच्या शर्टाची होती, फक्त मनगटापर्यंत पोचत नव्हती. त्या हाताने आरसा धरला आणि हळूहळू, नीट, आपल्या उंचीला लागेल एवढा वर केला. आरशात आता नुसतं आभाळ होतं.